कुणाच्या हातचं

रविवार, रात्री

सकाळी चर्चमधून, रविवारच्या मिस्साच्या उपासनेहून आले तर आईने नेहमीसारखं विचारलं, "आज कुणाच्या हातचं घेतलंस गं?" आणि मला सांगता येईना.

अंथरुणाला खिळल्यापासून तिला रविवारची मिस्सा माझ्याकडून ऐकायची असते. वाचन कोणी केलं, फादर काय बोलले, कोण भेटलं, आणि शेवटी हा प्रश्न, कम्युनियनची पवित्र भाकर कुणाच्या हातून घेतली. चालती-फिरती होती तेव्हा मधेच रांग बदलून ती फादरांच्या रांगेत जाऊन उभी राहायची. फादरांच्या मदतीला असलेल्या प्रापंचिकाने, आपल्यासारख्या साध्या माणसाने दिलं तरी ख्रिस्तशरीर तेच, हे मी तिला कितीदा सांगितलं. "तेच गं, पण मला बरं वाटतं," म्हणायची.

मी म्हटलं, "फादरांच्या." तिला बरं वाटलं. मला दिवसभर वाटलेलं नाही.

कारण मला खरंच आठवत नाही. शांती दिली-घेतली ते आठवतं. मी योग्य नाही, आपण शब्द मात्र बोला, हे शुभवर्तमानातल्या शताधिपतीचं वाक्य सगळ्यांबरोबर म्हटलं. रांगेत माझ्यापुढे एक निळा शर्ट होता, कॉलरपाशी उसवलेला. मग एकदम मी बाकापाशी गुडघ्यांवर, आणि डोक्यात एकच, औषधाच्या दुकानात डायपरचं मोठं पाकीट मिळेल का. जिभेवर काहीही उरलं नव्हतं. मधे कोणीतरी "ख्रिस्ताचे शरीर" म्हटलं असणार. त्यावर मी आमेन म्हटलं का?

आजीच्या काळी कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. लाल लुगडं नेसून, उपाशीपोटी वाडीतून चालत यायची. १९५७ साली तो उपास तीन तासांवर आला, १९६४ साली एका तासावर. माझ्याच्याने तो एक तासही झाला नाही. आईचं सगळं आवरून, चादर भिजत घालून पावणेसातला अर्धा कप चहा घेतला आणि सातच्या मिस्साला धावले. हे मला कम्युनियन घेऊन झाल्यावर आठवलं.

येरुशलेमचे संत सिरिल चौथ्या शतकातच शिकवून गेले की हाताचं सिंहासन कर, राजा येतोय, आणि सोन्याचे कण हाती दिले तर जपशील त्याहून जास्त याचा कण जप. मला हे पहिल्या कम्युनियनच्या वर्गापासून पाठ आहे. आणि मी तो घेतला कसा, तर लोकलचं तिकीट घेतात तसा.

पहाटे चारपासून मी उभी असते. रात्री दोनदा उठावं लागतं. आठवड्यात एक तास माझा म्हणून मिळतो, आणि त्यातही मी तिथे नसते. दादाला फोनवर सांगणार होते, पण त्याने आधी पंपाच्या बिलाचं काढलं. जाऊ दे.

आई झोपल्यावर चहाचा नियम नीट वाचायला घेतला. चर्चच्या कायद्याच्या, १९८३ च्या धर्मसंहितेत ९१९ वा नियम आहे. वृद्ध आणि आजारी यांना एक तासाच्या उपासाची सक्ती नाही, हे मला माहीत होतं. त्याच वाक्यात पुढे आहे, त्यांची देखभाल करणाऱ्यांनाही नाही. तीनदा वाचलं. कायदा लिहिताना तिकडे रोममध्ये कोणाला तरी खाटेशेजारी उभं असलेलं माणूस दिसलं होतं. स्वयंपाकघरात उभी राहून मी रडले.

चहाचं सुटलं. आमेनचं नाही.

संत फिलिप नेरींची गोष्ट सांगतात. एक माणूस कम्युनियन घेऊन लगेच निघून जायचा. त्यांनी मेणबत्त्या घेतलेली दोन मुलं त्याच्याबरोबर रस्त्यात चालायला पाठवली, कारण प्रभू अजून त्याच्यात होता. भाकरीचं रूप टिकतं तोवर त्याचं सान्निध्य टिकतं, हीच आपली श्रद्धा. इतके दिवस मला ती गोष्ट कानउघाडणीची वाटायची. आज वाटतं, माझ्या डोक्यात ते दुकान चालू होतं तेव्हाही तो होताच. मी विचारलं नाही म्हणून उठून गेला नाही. माझ्या लक्षावर त्याचं येणं अवलंबून असतं तर आजवर किती रविवार कोरडे गेले असते. याचा अर्थ लक्ष नसलं तरी चालेल असा नाही, हेही कळतं.

उद्या आईला खरं सांगायचं.

शुक्रवार

महिन्याचा पहिला शुक्रवार, फादर आईला कम्युनियन द्यायला घरी येणार. आईला सहालाच न्हाऊ घातलं. स्टुलावर पांढरा कपडा, क्रूस, मेणबत्ती. सूट असूनही तिने पाणी घेतलं नाही. खरं मी सोमवारीच सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मग शुक्रवारी माझ्याबरोबर घे."

आधी तिला दिलं, मग मला. फादरांच्या उजव्या अंगठ्याचं नख मुळाशी काळं पडलंय, दारात सापडलं असावं. मी आमेन म्हटलं. कुकरची शिट्टी व्हायला आली होती, जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन तिच्याशेजारी बसले. ती डोळे मिटून, ओठ घट्ट मिटून पडली होती. बऱ्याच वेळाने तिने पाणी मागितलं.