ब्रँडनचं बंद फाटक आणि मँचेस्टरमधली सोमवारची संध्याकाळ

कॉव्हेंट्रीहून रग्बीच्या रस्त्याला लागलं की काही मैलांवर ब्रँडन गाव येतं. विटांची टुमदार घरं, नीट कापलेली कुंपणं, आणि गाव संपता संपता रस्त्याकडेला एक मोठं बंद फाटक. 2024च्या इंग्लंड सहलीत लंडन, बाथ, ऑक्सफर्ड सगळं झालं, छान झालं, आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते या फाटकाबद्दल. ते पाहून जो संताप आला तो मँचेस्टरला पोचेपर्यंत उतरला नाही, आणि मँचेस्टरमध्ये जे पाहिलं त्यानंतर तर वाढलाच.

या फाटकाआड 1928 पासून मोटारसायकलींचा स्पीडवे, म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या शर्यती, चालत होता. कॉव्हेंट्री बीज हा इथला संघ. शेवटचा हंगाम 2016चा. त्याआधीच जागा विकासकाच्या हाती गेली होती आणि 2017ला संघाला धावायला मैदानच उरलं नाही. मग नेहमीचं चक्र सुरू झालं. आत कुणी नाही, राखण नाही, आगी लागल्या, स्टँड जळला, ट्रॅकवर झुडपं माजली. इतकं झाल्यावर अर्ज आला की ही जागा आता खेळाच्या कामाची राहिलेली नाही, सव्वाशेच्या आसपास घरं बांधू द्या, सोबत कृत्रिम गवताचं फुटबॉल मैदान देतो.

चीड येते ती इथे. जागा आधी पडू द्यायची आणि मग ती पडीक आहे म्हणून मागायची. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात याला उत्तर आहे. खेळाच्या जागेवर बांधकाम करायचं तर तीनपैकी एक गोष्ट सिद्ध करावी लागते: एक तर ती सुविधा गरजेपेक्षा जास्त आहे, किंवा तितकीच चांगली अथवा अधिक चांगली पर्यायी जागा दिली जाते आहे, किंवा नवीन बांधकामही खेळासाठीच आहे आणि त्याचा फायदा जुनी सुविधा गमावण्याच्या नुकसानीपेक्षा स्पष्टपणे मोठा आहे. रग्बी बरो कौन्सिलने नोव्हेंबर 2022 मध्ये अर्ज नाकारला. विकासक अपिलात गेला, जाहीर सुनावणी झाली, आणि डिसेंबर 2023 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. वर्षानुवर्षं कागद गोळा करून, सुनावणीत बसून, तज्ज्ञांना उत्तरं देऊन लढणाऱ्या स्थानिक चाहत्यांचं हे यश आहे, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण परवानगी नाकारली म्हणजे मैदान सुरू झालं असं नाही. नियोजनाचा कायदा 'इथे घरं बांधू नका' एवढंच म्हणू शकतो. 'इथे शर्यती भरवा' असं मालकाला सांगायची ताकद त्यात नाही. म्हणून लढाई जिंकूनही फाटक बंद. ऑक्सफर्डला मात्र वेगळं घडलं. तिथलं काऊलीचं स्टेडियम 2012 मध्ये बंद झालं, घरांचा प्रस्ताव नाकारला गेला, पुढे ते चालवायला घेणारा माणूस मिळाला आणि 2022 मध्ये स्पीडवे परत आला. नकार आणि चालवणारा, दोन्ही लागतात. स्विंडनमध्ये 2019 नंतर शर्यत नाही, पीटरबरोचं मैदान 2023 नंतर गेलं, वुल्व्हरहॅम्प्टनच्या मॉनमोर ग्रीनवर त्याच वर्षानंतर फक्त कुत्र्यांच्या शर्यती उरल्या.

'फुटबॉलचं मैदान देतो ना, मग काय अडलं?' हा प्रश्न नियोजनाच्या बैठकीत हमखास येतो. काय अडलं ते समजायला मँचेस्टरला जावं लागतं.

मँचेस्टरच्या पिकॅडिली भागातून हाइड रोडने जाणाऱ्या बसने 2024 मध्ये दोन पौंडांत गॉर्टनच्या बाजूला उतरता येत होतं. बेल व्ह्यू हे या भागाचं नाव. इथे एके काळी प्राणिसंग्रहालय होतं आणि त्याच्या आवारात हाइड रोडचा स्पीडवे, 1929 पासून. प्राणिसंग्रहालय 1977 मध्ये बंद झालं, 1987 मध्ये स्पीडवेची जागाही विकली गेली आणि तिथे गाड्यांच्या लिलावाचं आवार आलं. बेल व्ह्यू एसेस हा संघ जवळच्या कर्कमनशुल्म लेनवरच्या कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानात पाहुणा म्हणून गेला आणि जवळजवळ 3 दशकं पाहुणाच राहिला. शेवटी 2016 मध्ये शहराने त्याच रस्त्यावर सुमारे 80 लाख पौंड खर्चून नॅशनल स्पीडवे स्टेडियम उभं केलं. 347 मीटरचा ट्रॅक, सुमारे 6,000 प्रेक्षकांची सोय.

सोमवारी संध्याकाळी साडेसातला शर्यती सुरू होतात. लोक अगत्याचे. शेजारच्या आजोबांनी आपलं कार्यक्रम-पत्रक आणि पेन पुढे केलं आणि हीटचे, म्हणजे एकेका छोट्या शर्यतीचे, गुण कुठे भरायचे ते दाखवलं. चार रायडर, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला काही नाही. यजमानांची हेल्मेटं लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. अशा 15 हीट. गाडी 500 सीसीची, एकच गिअर, इंधन मिथेनॉल, वजन 77 किलोच्या आसपास, आणि ब्रेक अजिबात नाहीत. वेग कमी करायचा तो मागचं चाक आडवं घसरवून. डाव्या बुटाला लोखंडी तळ लावलेला असतो, तो वळणावर जमिनीवरून सरकत जातो.

म्हणजे सगळा खेळ मातीवर. आणि मला जे पाहून थक्क व्हायला झालं ते शर्यतीत नव्हतं, मधल्या वेळात होतं.

दर काही हीटनंतर ट्रॅक्टर येतो. मागे पोलादी पातं. चाकांनी उडवलेली माती, म्हणजे शेल नावाचा चुऱ्यासारखा दगडी मुरूम, प्रत्येक फेरीत बाहेरच्या कुंपणाकडे फेकला जातो. पातं ती बाहेरून ओढून आतल्या रेषेवर आणतं. त्यामागे पाण्याचा टँकर, बारीक फवारा मारत. ट्रॅकची जबाबदारी असलेला माणूस मधूनच वाकतो, बुटाची टाच रुतवून बघतो किती आत जाते, आणि चालकाला हाताने खूण करतो: इथे थांब, इथे परत. दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी त्याने एकच हातभर पट्टा तीनदा करून घेतला. पाणी कमी पडलं तर धूळ उडते आणि मागच्या रायडरला पुढचं दिसत नाही. जास्त झालं तर वरचा थर चिखलासारखा सरकतो आणि त्यात चर पडतात. चर सर्वांत वाईट. वळणातून बाहेर पडताना घसरत असलेलं मागचं चाक चरात अडकलं की त्याला अचानक पकड मिळते, गाडीचं पुढचं टोक वर उठतं आणि रायडर सरळ कुंपणावर जातो. म्हणूनच वळणांना हवा भरलेल्या मोठ्या पिशव्यांचं कुंपण असतं. त्यातली एक फाटली तरी दुरुस्त होईपर्यंत पुढची हीट सुरू करता येत नाही.

कोल्हापूरच्या तालमीत हळद, ताक, तेल घालून तांबडी माती मळणारे हात ज्यांनी पाहिलेत त्यांना हा माणूस लगेच कळेल.

ही माती एका दिवसात तयार होत नाही. खाली निचऱ्याची सोय, त्यावर खडीचा घट्ट पाया, त्यावर पातळ थरांत शेल. प्रत्येक थर भिजवायचा, रोलर फिरवायचा, मुरू द्यायचा. घाईत जाड थर टाकला की वरून कडक दिसतो आणि आत पोकळ राहतो, चार गाड्या वळल्या की ढेकळं सुटतात. पाया वर आला तर आणखी धोका, कारण मऊ मातीवरून अचानक टणक जागी चाक गेलं की गाडी झटका खाते. नवीन स्टेडियमलाही हे चुकलं नाही. मार्च 2016 मध्ये उद्घाटनाच्या संध्याकाळी प्रेक्षक जागेवर बसलेले असताना ट्रॅक सुरक्षित नाही म्हणून शर्यत रद्द करावी लागली, आणि त्यानंतरचे काही आठवडे ट्रॅक नीट करण्यात गेले. स्टँड, प्रसाधनगृहं, दिवे, सगळं तयार होतं. अडलं ते जमिनीपाशी.

म्हणून 'तात्पुरता ट्रॅक टाकू' हे उत्तरही मला पटत नाही. वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये एप्रिल 2015 मध्ये जागतिक मालिकेची फेरी होती. फुटबॉलच्या भव्य मैदानावर माती आणून ट्रॅक केला होता. माती फाटली, सुरुवातीचं फीत-गेट (फीत वर उचलली की शर्यत सुटते) बिघडलं, आणि 12 हीटनंतर खचाखच भरलेल्या स्टेडियममधला कार्यक्रम थांबवला गेला. पोलंडमधल्याच टोरुन शहराने 2009 मध्ये खास स्पीडवेसाठी मोटोअरेना बांधलं, आणि ते आज या खेळाच्या उत्तम जागांपैकी एक मानलं जातं. फरक पैशांचा नव्हता. आराखड्यात ट्रॅक आधी आखला की शेवटी, हा होता.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ट्रॅक 260 ते 425 मीटर लांब असतो, सरळ भागात किमान 10 मीटर रुंद, वळणावर त्याहून जास्त. आतल्या बाजूला पूर्ण आकाराचं फुटबॉल मैदान बसवायला गेलं की त्याचे चार कोपरे ट्रॅकच्या वळणांवर येतात. मग कोपऱ्यांचं गवत उचलायचं, ठेवायचं, परत लावायचं, आणि प्रत्येक वेळी गवतात शेलचे खडे सापडायचे. स्टॉक कार बरोबर वाटणी केली तर वेगळा त्रास. ब्रँडनला दोन्ही चालत, पण टनापेक्षा जड गाड्या एकमेकींना धडका देत मातीवर फिरल्या की खड्डे पायापर्यंत जातात, आणि मोटारसायकलींसाठी ट्रॅक पुन्हा बसवायला माणसं आणि वेळ लागतो. वाटणीचं वेळापत्रक करणाऱ्याने हे तास धरलेच नाहीत तर बळी ट्रॅकचा जातो.

उरला आवाज. तक्रार खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. सुरुवातीच्या फितीमागे चार इंजिनं एकदम चढतात तेव्हा बोलणं थांबवावं लागतं. पण हिशोब बघा: एक हीट साधारण एका मिनिटाची, हीट 15, म्हणजे दोन तासांच्या कार्यक्रमात शर्यतीचा आवाज पाव तास. त्यात पिट्समध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, इंजिनं गरम करण्याचा आवाज मिळवायचा, आणि तो आराखड्यात सर्वांत जास्त विसरला जातो. पिट्स घरांच्या उलट बाजूला, मध्ये मातीचा बांध, घरांच्या बाजूला उंच स्टँडची पाठ, एवढं आधी केलं तर बराच आवाज आतच राहतो. नंतर करायला गेलं तर फक्त सायलेन्सर आणि वेळेची बंधनं हातात उरतात.

सफक परगण्यातल्या मिल्डनहॉलच्या स्पीडवेचं प्रकरण तर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जवळचं घर विकत घेतलेल्या जोडप्याने आवाजाबद्दल दावा केला होता. 2014च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की मैदान आधीपासून होतं आणि तुम्ही नंतर आलात, एवढ्यावरून बचाव होत नाही, आणि नियोजनाची परवानगी असली म्हणून शेजाऱ्याचा हक्क आपोआप संपत नाही. मात्र उपाय म्हणून बंदीऐवजी नुकसानभरपाई देण्याचा विचार न्यायालयांनी अधिक मोकळेपणाने करावा, असंही सांगितलं. मैदान चालवणाऱ्यांना यातून अर्धाच दिलासा मिळतो. त्यानंतर राष्ट्रीय धोरणात नियम आला की आधीपासून चालू असलेल्या जागेशेजारी जो नवीन बांधकाम आणेल, आवाजावरचा उपायही त्यानेच करायचा.

हा नियम मँचेस्टरमध्येच कसाला लागेल असं दिसतं. नॅशनल स्पीडवे स्टेडियमच्या शेजारीच ते कुत्र्यांच्या शर्यतीचं मैदान, जिथे 24 जुलै 1926 रोजी ब्रिटनमधली लंबवर्तुळाकार ट्रॅकवरची पहिली ग्रेहाउंड शर्यत झाली. ते 2020 मध्ये बंद पडलं आणि त्या जागी घरांना परवानगी मिळाली. 2025च्या जूनमध्ये याच स्टेडियमवर जागतिक मालिकेची ब्रिटिश फेरी सलग दोन दिवस झाली, इतकं ते आज महत्त्वाचं आहे. तेव्हा तिथे घर घेणाऱ्यांनी विकासकाकडे आवाजाचा अहवाल मागावा, आणि तो सरासरी आकड्यांचा नको, सोमवारी साडेसात ते साडेनऊ या वेळेत, हीट चालू असताना मोजलेला हवा. खिडक्यांना कोणती काच आहे, ती बंद ठेवल्यावर हवा कुठून येणार, आणि शयनगृह ट्रॅकच्या बाजूला आहे की उलट, हे तीन प्रश्न विचारावेत. ही उत्तरं घराच्या नकाशात नसतील, तर पहिल्या उन्हाळ्यातच तक्रारी कौन्सिलकडे जातील, आणि त्या विकासकाच्या नव्हे, ट्रॅकच्या विरोधात असतील.