वाईच्या घाटावर, कृष्णेच्या कामाला

साताऱ्याहून वाईला एसटीने तासाभरात पोचता येतं. पुण्याकडून येणाऱ्यांनी सुरूर फाट्याला वळावं. नदीच्या सफाईला यायचं तर सकाळी सात वाजायच्या आत घाटावर हजर राहा, ऊन चढल्यावर चिखलात उभं राहून ओढाओढ होत नाही.

ढोल्या गणपतीपाशी आम्ही जमलो. हे देऊळ 1762 सालचं, रास्त्यांनी बांधलेलं. काम होतं जलपर्णी काढायचं. वरून हिरवीगार दिसते, पण तिच्याखाली ऊन उतरत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. मूळची ही दक्षिण अमेरिकेतली. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून एका रविवारात हे काम संपत नाही. फुलं यायच्या आत मुळासकट उपटायची. प्रवाहाच्या खालच्या अंगाला दोन माणसं जाळं धरून उभी हवीतच, कारण सुटलेला तुकडा पुढच्या गावात पुन्हा फुटतो. ढीग पुराचं पाणी पोचणार नाही इतक्या वर टाकायचा.

काय काढायचं नाही, हे मात्र मला जास्त मोलाचं वाटलं. टोळीतल्या काकांनी आधीच बजावलं होतं : काठावरच्या वाळुंजाच्या झाडांना नि लव्हाळ्याच्या गवताला हात लावायचा नाही. त्यांच्या मुळ्या काठ धरून ठेवतात, माशांची पिल्लं तिथेच आसरा घेतात. दगडगोटेही हलवायचे नाहीत. टिटवी उन्हाळ्यात उघड्या खड्यांतच अंडी घालते. शिंपले दिसले तर आहेत तिथेच राहू द्या. ते पाणी गाळतात, आणि त्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मासे गेले की शिंपल्यांचा वंशही खुंटतो. घाट चकाचक दिसावा म्हणून काठ बोडका करणं मला तरी सफाई वाटत नाही.

गाळात जुन्या साड्या अडकलेल्या असतात आणि देवांच्या तसबिरींच्या काचा फार सापडतात. जाड हातमोजे, घट्ट बसणारे बूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेतलेलं असावं. धोम धरणातून पाणी सुटणार आहे का, हे गावात विचारल्याशिवाय पात्रात पाऊल टाकू नका.

नंतर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट जरूर बघा, जवळच आहे. पण चिखलाचे बूट तिथल्या पाण्यात धुऊ नका. तळाला जलपर्णीचा तुकडा चिकटलेला असू शकतो. बूट घरी नेऊन उन्हात खडखडीत वाळवा, मगच दुसऱ्या नदीत किंवा तळ्यात उतरा.