130 मिलिमीटरचा एक्सल

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्यांदा लोक बॉडीकडे बघतात, ग्रिल, आरसे, वायपर, नंबरप्लेट. पण गाडी खरी वाटते की खेळणं, ते मडगार्ड आणि टायरच्या मधल्या जागेवर ठरतं. टायर बाहेर आलं की संपलं, मग बॉडी कितीही भारी असू दे. हे माझं आधीपासूनचं मत आहे, पण त्या दिवशी काका आले आणि ते मत पक्कंच झालं.

काका म्हणजे फौजेत व्हेईकल मेकॅनिक होते, आयुष्य जिप्सीखाली झोपून गेलं असं स्वतःच सांगतात. त्यांना 1/10 स्केलमध्ये मारुती जिप्सी हवी होती, पुढेमागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेली, चालणारी, खडकावर चढणारी. बॉडी थ्रीडी प्रिंट करून तयार होती, रुंदी 154 मिलिमीटर, कारण खरी गाडी 1540. मी नेहमीच्या क्रॉलरचा, म्हणजे खडकावर चढणाऱ्या आरसी गाडीचा एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) सहज खाली धरून दाखवला तर दोन्ही बाजूंनी चाकं हातभर बाहेर. काका काहीच बोलले नाहीत, नुसते खिशातून टेप काढायला लागले.

मग हिशोब मांडला. 1993 नंतरच्या जिप्सीचा ट्रॅक, म्हणजे डाव्या टायरच्या मध्यापासून उजव्या टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर, पुढे 1300 आणि मागे 1310. आपल्याला हवेत 130 आणि 131. त्यात 22 मिलिमीटर रुंदीचं टायर धरलं तर मागे बाहेरून बाहेर 153, म्हणजे बॉडीच्या कडेपासून दोन्हीकडे अर्धा अर्धा मिलिमीटर आत. बरोबर तशीच दिसते ना ती गाडी! आणि टेबलावरचा तो एक्सल व्हर्नियरने मोजला तर हेक्सच्या (एक्सलच्या टोकाला चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) तोंडापासून तोंडापर्यंत 168. रिम सरळ असेल, म्हणजे टायरचा मध्य बरोबर हेक्सच्या तोंडावर येत असेल, तर हाच ट्रॅक. जवळपास चार सेंटिमीटर जास्त.

आता यावर सगळे एक उपाय सांगतात, की एक्सल राहू दे, रिमच अशी घे की चाक आत सरकेल. हे 1.9 इंची रिमला चालतं, कारण आत जागा असते आणि नकल, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा, रिमच्या पोटात जातो. पण जिप्सीला रिम 15 इंची. दहाने भागलं की दीड इंच, म्हणजे बाजारातली 1.55 बरोबर बसते, आणि 1.9 लावली तर खऱ्या गाडीला 19 इंची रिम लावल्यासारखं होतं, काकांनी ते बघितलंच नसतं. 1.55 च्या पोटात नकल मावत नाही, रिमची आतली कड नकलवर घासते. म्हणजे चाक लहान ठरलं की एक्सल खरोखरच अरुंद लागतो, रिमने फसवता येत नाही. म्हणून मी आता कुठल्याही बिल्डला आधी रिम ठरवतो, मग एक्सल, लोक बरोबर उलटं करतात आणि मग अडकतात.

दुसरा रस्ता म्हणजे आहे त्याच एक्सलची ट्यूब कापायची आणि आतला चाक फिरवणारा शाफ्ट आखूड करायचा. होतं ते, पण शाफ्ट कडक केलेल्या स्टीलचा असतो, पिनचं भोक नव्याने पाडावं लागतं आणि पुढे जोर आला की तिथेच तुटतो. खडकावर चालवायच्या गाडीत मला ते नको होतं. माझ्याकडे पाट्यांच्या गाडीसाठी बनवलेली अरुंद मेटल एक्सलची एक जोडी होती, ती मोजली तर 134. हेक्स 7 मिलिमीटर जाडीचा होता, तो काढून 5 चा लावला, दोन्हीकडे दोन दोन कमी, झाले 130. मागे एक मिलिमीटर जास्त हवा होता तर हेक्सच्या मागे दोन्हीकडे अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरचे वॉशर टाकले. दिसतो का तो एक मिलिमीटर? कुणाला दिसणार नाही, पण काका वाकून वाकून बघत होते आणि मला पण तो हवाच होता.

एवढं झालं आणि मग अरुंद एक्सलची खरी किंमत समोर आली. स्टेअरिंग फुल कापलं की टायरची आतली कड पाट्याला लागते. पाटे आत घेतले तर जागा मिळते पण गाडी जास्त डोलते, म्हणून दोन मिलिमीटरच्या वर मी सरकवले नाहीत. सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, एक्सलवर बसवायला जागाच नाही, एकीकडे डिफचा (डिफरन्शियलचा) गोळा आणि दुसरीकडे पाट्याची बैठक, मग तो चासीवर घेतला, खऱ्या गाडीत स्टेअरिंग बॉक्स असतो तिथेच, आणि ड्रॅग लिंक, म्हणजे तिथून चाकाकडे जाणारी दांडी, जमेल तितकी लांब आणि आडवी ठेवली, नाहीतर पाटा दबला की चाकं आपोआप वळतात. शेवटी कट, म्हणजे चाक वळण्याचा कोन, मिळाला साधारण तीस अंश. रिमोटमध्ये तेवढ्यावर लिमिट लावली, म्हणजे सर्व्हो अडून जळणार नाही.

मी काकांना स्पष्ट सांगितलं, आठ मिलिमीटर जास्त रुंद एक्सल घेतला तर चाळीस अंश वळेल. ते म्हणाले, "अरे बाळा, मला ती गाडी माहितीये, वळवायला जागा लागली तर लागू दे. चाक बाहेर नको." विषय संपला.

राहिलं पडण्याचं. फळीवर आडवी उभी करून फळी उचलत गेलो, फोनमधल्या मीटरवर 36 अंशाला वरच्या बाजूची चाकं सुटली. ट्रॅक वाढवायचा नाही म्हटल्यावर वजन खाली आणणं एवढंच हातात होतं. बॅटरी सीटखालून काढून चासीच्या पट्ट्यांमध्ये पुढे बसवली, नकल आणि डिफचं झाकण पितळेचं लावलं. पण सगळ्यात जास्त फरक पडला छपराने. प्रिंट केलेलं जाड छप्पर उतरवलं आणि काकांनीच सुचवलं कापडी हूड, फौजेत तसंच असायचं म्हणे. वायरच्या कमानी वाकवल्या, वर हिरवं कापड. परत फळी उचलली तर 42 अंश.

संध्याकाळी मागच्या मातीच्या ढिगावर चालवली. काकांनी रिमोट हातात घेतला आणि आडव्या उतारावर हळू नेली, चढाच्या बाजूचं मागचं चाक एकदा उचललं, परत टेकलं, आणि गाडी पार झाली. अंगणातली मुलं जमली होती, कुणीतरी फोटो काढला, फोटोत खरी गाडी वाटते, ही माझी सगळ्यात मोठी कमाई.

जाताना काका म्हणाले, आता 1985 वाली पहिली जिप्सी करू. तिचा ट्रॅक अजून 90 मिलिमीटर कमी, म्हणजे आपल्या मापात 121 आणि 122. हेक्समधून आता काढण्यासारखं काही उरलेलं नाही आणि पाट्याजवळची जागा तर आहे तीच पुरत नाही. तिथे मात्र ट्यूब कापावीच लागणार, शाफ्ट कुठल्या स्टीलचा करायचा ते लेथवाल्याशी बोलणं चालू आहे.