पुढून उघडा स्वेटर

पुण्यात जुनी मैत्रीण रस्त्यात भेटली आणि तिने "सध्या काय चाललंय?" असे विचारले, की "काही विशेष नाही, नेहमीचंच" असे म्हणून आपण पुढच्या विषयाकडे वळतो, आणि तो पुढचा विषय बहुधा वाहतूक हाच असतो. त्यामुळे विशेष नसलेल्या नेहमीच्या गोष्टींची खबरबात कोणी कोणाला नीट देतच नाही. माझ्यापुरते सांगायचे, तर सध्या सुईवर बाळाचा एक स्वेटर आहे, उशाशी दिवाळी अंकांची चळत आहे आणि उजवा खांदा आखडलेला आहे. या तिघांत खरी सत्ता खांद्याची आहे. काय विणायचे, काय वाचायचे, कोणत्या वाहनाने जायचे आणि कोणता ब्लाउज घालायचा, हे हल्ली तोच ठरवतो.

डॉक्टरांनी या दुखण्याला 'फ्रोझन शोल्डर' म्हटले. खांद्याच्या सांध्याभोवती जे आवरण असते ते सुजते, जाड होते आणि आक्रसते; मग हात वर जात नाही आणि पाठीमागे तर मुळीच जात नाही. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त आणि मधुमेह असणाऱ्यांना त्याहून जास्त, असा याचा स्वभाव आहे, आणि मी तिन्ही अटी पुऱ्या करते. आधी काही महिने खांदा नुसता दुखतो, मग दुखणे ओसरते पण आखडलेपण राहते, आणि पुढे केव्हातरी तो आपल्या सवडीने सैल होऊ लागतो. एकूण प्रकरण वर्षा-दोन वर्षांचे, कधी त्याहूनही लांबणारे. मी सध्या मधल्या टप्प्यावर आहे. रात्री झोप लागते. पण ओले कपडे दांडीवर टाकायला काठी लागते, वरच्या फळीवरचा डबा काढायला घरातले कोणीतरी लागते, आणि वेणी घालायला सासूबाई लागतात. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. माझ्या मागे खुर्ची घेऊन बसतात, केस विंचरतात आणि "मान हलवू नकोस" म्हणून दटावतातही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडून मला तीन गोष्टी मिळाल्या. पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि लंबकासारखा हलवायचा. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी पायरी-पायरीने वर चढायचे आणि जिथवर पोहोचलो तिथे पेन्सिलीने खूण करायची. आणि तिसरी, जी खरे तर व्यायाम नव्हेच, कपडे घालण्याची रीत. दुखरा हात बाहीत आधी घालायचा आणि कपडा उतरवताना तो सगळ्यांत शेवटी काढायचा. ऐकायला ही बाब किरकोळ वाटते, पण या एका नियमाने माझ्या कपाटाची दोन भागांत फाळणी केली. पुढून उघडे ते सगळे कपडे एका बाजूला आणि डोक्यातून घालायचे ते दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूला मी स्वतः विणलेले बहुतेक सगळे स्वेटर जाऊन पडले.

विणकामाची पुस्तके आणि मासिकांतली कात्रणे चाळून पाहिली, तर त्यांतला मोठ्या माणसांचा स्वेटर बहुधा बंद गळ्याचा असतो. पाठ विणा, तेवढीच पुढची बाजू विणा, बाह्या जोडा, गळ्याचे टाके उचला आणि दोन सुलट-दोन उलट अशी पट्टी घालून टाके बंद करा. दिसायला तो सुबक दिसतो. परंतु घालणाऱ्याचे दोन्ही हात बिनतक्रार डोक्यावर जातात हे त्यात गृहीत धरलेले असते, आणि या गृहीताकडे माझे इतकी वर्षे लक्ष गेले नव्हते, कारण माझे हात जात होते. शिवाय पुण्याच्या थंडीला बंद गळ्याचा स्वेटर तसाही शोभत नाही. डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तळजाईवर फिरायला येणारी मंडळी कानटोप्या घालून येतात, आणि अकरा वाजले की तीच मंडळी घाम पुसत असतात. दुपारी तापमान अठ्ठावीसच्या पुढे जाणाऱ्या गावात स्वेटर चटकन उतरवता आला पाहिजे.

नवऱ्यासाठी विणायला घेतलेला बंद गळ्याचा स्वेटर पाठ आणि अर्धी पुढची बाजू इथवर आला होता. तो मी उसवायचा ठरवला आणि त्याच लोकरीचा पुढून उघडा करायचे नक्की केले. उसवण्याचे काम मला विणण्याइतकेच आवडते, हे सहसा कोणाला पटत नाही. शेवटचा टाका मोकळा करून धागा ओढला, की ओळ पाठोपाठ ओळ टुकटुक करीत सुटत येते, कारण अख्खे विणकाम म्हणजे एकाच धाग्याच्या एकात एक अडकवलेल्या फासांची रांग असते. मागावरच्या कापडासारखे त्यात उभे-आडवे वेगळे धागे नसतात. म्हणून तर ते ताणले जाते, आणि म्हणूनच ते सगळेच्या सगळे परतही मिळते. सुटलेली लोकर मात्र कुरळी होऊन येते, आणि तशीच विणली तर टाके वेडेवाकडे पडतात. तेव्हा ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करायची, लडीला चार ठिकाणी सैल गाठी मारायच्या, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची आणि मग खाली थोडे वजन अडकवून सावलीत टांगायची. वाळेपर्यंत बराचसा कुरळेपणा जातो. लडीचा गुंडा करताना हात पसरून ती धरावी लागते, ते काम आता नवऱ्याकडे गेले आहे. दोन्ही हात पुढे करून तो क्रिकेट पाहत बसतो, आणि चौकार गेला की लड हिसका खाते.

तो स्वेटर सध्या बाजूला आहे, कारण खांद्याला वजन चालत नाही. लांब सरळ सुयांवर मोठ्या माणसाची अख्खी पाठ तोलली, की तिचा सगळा भार मनगटावरून खांद्यावर येतो. मधे वायर असलेल्या गोल सुईवर तेच विणकाम मांडीत बसते आणि हाताला फक्त टोके सांभाळावी लागतात. कोपराखाली उशी घेऊन, मधे मधे थांबून विणले तर बाळाचा स्वेटर मात्र सहज होतो. भाचीला आठवा महिना लागला आहे आणि ती बाळंतपणाला पुण्यातच येणार आहे, त्यामुळे बाळंतविड्यातला लोकरीचा वाटा माझ्याकडे आला. नंबर दहाच्या सुया, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या. आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या इंग्रजी मापात नंबर वाढला की सुई बारीक होते. बाराची पावणेतीन मिलिमीटर, आठची चार. माझ्या चष्म्याचा नंबर वाढत असताना सुयांचा नंबर वाढवणे परवडण्यासारखे नाही, म्हणून दहावर थांबले.

लोकर आणायला तुळशीबागेत जावे लागते, आणि गर्दीच्या बसमध्ये वरची दांडी धरणे मला सध्या अशक्य आहे. इथे मेट्रो कामाला आली. वनाजला बसायचे, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची आणि भुयारी मार्गाने मंडईला उतरायचे. २०२४ च्या सप्टेंबरअखेर तो टप्पा सुरू झाल्यापासून तुळशीबाग माझ्या आवाक्यात आली. डब्यात उभे खांब आहेत आणि ते डाव्या हाताने धरता येतात. दुकानात लोकर म्हणून जे मिळते त्यातले बहुतेक ॲक्रिलिक असते. नाक मुरडण्याचे कारण नाही. ते कसेही धुतले तरी आटून घट्ट होत नाही, आणि नव्या आईला स्वेटर हाताने, गार पाण्यात, हलकेच धुवायला सांगणे हा शुद्ध अन्याय आहे. तरी बाळाच्या अंगाला मऊ आणि हवा खेळती राहणारी खरी लोकर बरी वाटते, म्हणून मी अंगाचा स्वेटर खऱ्या लोकरीचा आणि मोजे-टोपडे ॲक्रिलिकचे, असा मध्यममार्ग काढला. रंग लिंबाचा पिवळा.

या स्वेटरचा आराखडा पुस्तकात शोधताना मला सासूबाईंच्या ट्रंकेतले जुने झबले आठवले. नवजात बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढे असते, घेर सुमारे पस्तीस सेंटिमीटर, मान धरत नाही आणि इवलेसे हात धड डोक्यावरही पोहोचत नाहीत. अशा जिवाच्या डोक्यातून काही घालू जाणे म्हणजे त्याला आणि घालणारीला दोघांनाही रडवणे. झबले पुढून उघडे, एका बाजूवर दुसरी बाजू येणारी, कडेला बांधायचे बंद. बाळाला त्यावर निजवायचे, आपली बोटे बाहीतून आत घालून त्याची मूठ अलगद बाहेर घ्यायची आणि बंद बांधायचे. बाही अंगाबरोबर अखंड, काखेत भरपूर सैल. मी ते ट्रंकेतून काढून मांडीवर पसरले, आणि माझ्या खांद्याला नेमके जे हवे आहे तेच ते आहे, हे चटकन दिसले. नवजात बाळ आणि आखडलेल्या खांद्याची बाई यांना एकाच बेताचा कपडा लागतो. आपल्या आज्यांनी बाळासाठी हा विचार शिवून ठेवला होता. मोठ्यांसाठी का केला नाही, याचे उत्तर बहुधा नऊवारी आणि चोळी हे आहे, कारण पुढे गाठ मारायची चोळी हाही पुढून उघडाच कपडा.

विणकाम आमच्या घरात आले ते आईमुळे. १९६२ च्या चीन युद्धाच्या हिवाळ्यात घरोघरच्या बायका जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणत होत्या, तशी तीही विणत होती. आदल्याच वर्षी पानशेतच्या पुराने गाव धुऊन निघाले होते, घरात लोकरीखेरीज नवे काही येत नव्हते, असे ती सांगायची. पुढे ती कधी हाताकडे पाहून विणत नसे. समोर मासिक उघडे ठेवून, पान उलटू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवून ती वाचत असे, आणि सुया आपापल्या चालत. मला हे कधी जमले नाही, आणि आता तर जाडजूड पुस्तक हातात धरवतही नाही. कापडी बांधणीची सहाशे पानांची कादंबरी ग्रंथालयातून आणली आणि तशीच परत केली. १९११ पासून चालत आलेल्या पुणे मराठी ग्रंथालयात जाणे मी सोडलेले नाही. फक्त आता कादंबऱ्यांच्या कपाटावरून पुढे सरकून दिवाळी अंकांपाशी थांबते. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा वाचकांच्या खांद्यांचा विचार झाला असेल असे नाही, परंतु हलका, मऊ पुठ्ठ्याचा, टेबलावर पसरून ठेवता येणारा आणि एका बैठकीत एकच कथा देणारा हा प्रकार दुखऱ्या माणसासाठी आदर्श आहे. जाहिरातींची पानेही तितकीच मऊ असतात, एवढीच तक्रार.

उरलेले वाचन कानांनी होते. स्टोरीटेल या ॲपने २०१७ मध्ये मराठी पुस्तके ऐकवायला सुरुवात केली, तेव्हा मी ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे असे मानणाऱ्यांत होते. आता मी त्या वादात पडत नाही. मात्र कोणत्या विणीबरोबर काय ऐकावे, याचे माझे पक्के मत झाले आहे. सगळे टाके सुलट असतील, तर लांबलचक आत्मचरित्र उत्तम, कारण एखादे वाक्य निसटले तरी माणूस तोच असतो. जाळीची वीण असेल, जिथे दोन टाके एक करा, धागा पुढे घ्या, असे मोजावे लागते, तिथे शांतताच हवी. कविता कोणत्याच विणीबरोबर नको. ती ऐकताना हात थांबतात. आणि रहस्यकथा तर सुयांपासून दूरच ठेवावी. शेवट जवळ आला की टाके आवळले जातात, आणि ज्या दहा सेंटिमीटरांत बावीस टाके बसायला हवेत तिथे चोवीस बसतात. बाळाच्या एका बाहीवर खुनाचा उलगडा कुठे झाला ते बोट ठेवून दाखवता येईल.

तब्येतीचे दुसरे कलम साखरेचे. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी महिनाअखेर करायची आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना साखर किती चिकटली हे ही तपासणी सांगते, तेव्हा आदल्या आठवड्यात कारल्याची भाजी खाऊन उपयोग नसतो. यंदाच्या दिवाळीतल्या अनारशांची नोंद झालेलीच आहे. साखर आटोक्यात असेल तर खांदाही लवकर वळेल, असे डॉक्टर म्हणतात, म्हणून त्यांच्या समजुतीसाठी मी रात्रीचा भात सोडला आहे.

बाळाचा पिवळा स्वेटर पाठ आणि दोन्ही पुढच्या बाजू इतका झाला आहे. बाळ येण्याआधी त्याच्यासाठी पुरे झालेले नवे कपडे घरात ठेवू नयेत असा सासूबाईंचा दंडक आहे, आणि तो मोडायची माझी तयारी नव्हती. शेवटी बंद लावायचे तेवढे बाकी ठेवायचे आणि ते बारशाच्या आदल्या दिवशी लावायचे, असे ठरले. हे ठरत असतानाच त्यांनी तो उचलून आपल्या खांद्याला लावून पाहिला आणि असाच एक मोठा आपल्याला हवा, असे सांगितले. त्यांचाही हात आता बाहीत सहज जात नाही, पण ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. अट एकच घातली, की म्हातारीचा म्हणून राखाडी किंवा बदामी नको. तुळशीबागेत डाळिंबी लोकर पाहून ठेवली आहे. काख नेहमीपेक्षा चार बोटे खोल ठेवायची हे नक्की आहे. बटणे लावायची की बंद, यावर मात्र त्यांचे म्हणणे रोज वेणी घालताना बदलते.