तुम्ही विचारलंत म्हणून: गाताना अडत नाही, मग बोलतानाच का?

इंदूरच्या राजेंद्र नगरात माझा गाण्याचा क्लास आहे, बावीस वर्षं झाली आता, आणि नवीन मुलाला घेऊन आलेली जवळपास प्रत्येक आई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाराशी थांबून हेच विचारते की ताई राग मानू नका, पण गाताना तुम्ही एकदाही अडखळत नाही मग बोलताना असं का होतं, आणि मग आवाज बारीक करून, लहानपणी काही झालं होतं का? मागच्या आठवड्यात एकीने विचारलं तेव्हा तिचा सहा वर्षांचा मुलगा तिच्या ओढणीमागे उभा होता आणि "म म म मम्मी चलो" म्हणत होता. तेव्हा कळलं की ती माझ्याबद्दल विचारतच नाहीये. दारात उभ्याउभ्या जेवढं जमलं तेवढं सांगितलं, बाकीचं इथे लिहिते.

आधी शब्दाचं बोलते, कारण इंदूरात इथूनच घोळ सुरू होतो. मराठीत तोतरं म्हणजे शब्द अडतो ते, आणि हिंदीत तोतला म्हणजे बोबडा, र ला ल म्हणणारा. आपण दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतो त्यामुळे दोन्हींची गल्लत होते, आणि याच गल्लतीत मला लहानपणी एका डॉक्टरांकडे नेलं होतं, त्यांनी जिभेखालचा पडदा कापून घ्या म्हणून सांगितलं. आजोबा "नको" म्हणाले, एवढंच म्हणाले, आणि विषय संपला. जिभेत काही नसतं हो. बर्लिनच्या डीफेनबाख नावाच्या सर्जनने १८४१ साली तोतऱ्या माणसांच्या जिभेच्या मुळाशी काप घेतले होते, तेव्हा भूल द्यायचं औषधसुद्धा आलेलं नव्हतं. त्या माणसांचा विचार आला की अजून अंगावर काटा येतो.

आमच्या घरी प्रत्येकाचं वेगळं कारण होतं. आजी वेखंड मधात उगाळून चाटवायची, शेजारच्या मावशींच्या मते माझ्या अंगावरून मांजर उडी मारून गेलं होतं त्याची भीती बसली, मामा म्हणायचा हिने कुणाची तरी नक्कल केली असणार. आई काहीच म्हणायची नाही, कारण तिच्या मते कारण ती स्वतः होती.

मी डावखुरी. रामबागेतल्या घरी जेवायला बसले की आई डाव्या हातावर हलकी चापट मारायची, पेन्सिलही उजव्याच हातात द्यायची, आणि त्याच सुमारास म्हणजे मी साडेतीन-चारची असताना माझं बोलणं अडायला लागलं. पुढे शाळेतल्या एका बाईंनी तिला सांगितलं की डावखुऱ्या मुलाचा हात बदलला की जीभ अडते. झालं, ते तिच्या मनात जे बसलं ते चाळीस वर्षं.

आणि हे त्या बाईंच्या मनचं नव्हतं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९२०-३० च्या दशकांत ऑर्टन आणि ट्रॅव्हिस यांनी ही थिअरी मांडली होती, की मेंदूच्या दोन अर्ध्यांपैकी एकाने बोलण्याची सूत्रं घ्यायची असतात, हात बदलला की कोणीच नीट सूत्रं घेत नाही आणि ओढाताण होते. नंतरच्या तपासण्यांत ती टिकली नाही. तिकडे मागे पडलेली थिअरी इकडे माझ्या आईच्या मानेवर बसून राहिली, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच विद्यापीठात वेंडेल जॉन्सन होते, ते स्वतः तोतरे. त्यांचं म्हणणं असं की सगळीच लहान मुलं थोडी अडखळतात, आईबाप त्याला तोतरेपणा म्हणून नाव देतात, टोकत राहतात, आणि त्यातूनच तोतरेपणा तयार होतो. म्हणजे परत आईच. हे तपासायला १९३९ मध्ये त्यांच्या मेरी ट्यूडर नावाच्या विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातली २२ मुलं घेतली, आणि त्यातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगितलं की तुम्ही तोतरे व्हायला लागलात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. ती मुलं तोतरी झाली नाहीत. पण ती गप्प झाली, वर्गात उत्तर देईनात, एक मुलगी तर डोळ्यांवर हात धरून बसायला लागली. विद्यापीठाने माफी मागितली ती २००१ मध्ये. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तशीच, तोंडावर हात धरून बोलणारी मुलगी मी होते. तोतरेपणा मला कुणी दिला नव्हता, पण तो हात मात्र लोकांच्या टोकण्यामुळे आला होता, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कळलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. साधारण शंभरातली पाच मुलं दोन ते पाच वर्षांच्या वयात अडखळायला लागतात, त्यातल्या बहुतेकांचं आपोआप थांबतं, मुलींचं जास्त थांबतं, आणि मोठ्या माणसांत शंभरात एक उरतो. मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसतं की डाव्या बाजूला ऐकणं आणि तोंडाची हालचाल यांना जोडणाऱ्या तारा अशा माणसांत थोड्या वेगळ्या असतात. माझ्या भाषेत सांगायचं तर शब्द पाठ आहे, सूर माहितीये, पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी येणार त्याची आतली खूण वेळेवर मिळत नाही. गाताना ती खूण आतून लागतच नाही, तबला देतो, पेटी देते, शब्द आधीच ठरलेले असतात आणि स्वर लांबवलेले असतात. मेट्रोनोमच्या, म्हणजे टकटक लय देणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर बोललं तरी असंच सुटतं, गणपतीत सगळ्यांबरोबर आरती म्हणतानाही, मांजराशी बोलतानाही. मात्र गाणं हा इलाज नाही, पेटी बंद केली की माझं नाव परत अडतं, आणि नाव सगळ्यात जास्त अडतं कारण नावाला दुसरा शब्द नसतो. भाजीवाल्याकडे 'बटाटे' अडले की मी 'आलू' म्हणते, इंदूरात ही सोय आहे, नावाचं काय करणार.

मग तारा वेगळ्या का? बरंचसं रक्तातून. २०१० मध्ये डेनिस ड्रेना या संशोधकाच्या टीमला पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबापासून सुरुवात करून तोतरेपणाशी जोडलेली तीन जनुकं सापडली, आणि २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासून तोतरेपणाशी जोडलेल्या डीएनएवरच्या ५७ जागा सापडल्या. त्यातलं पुरुषांमध्ये सगळ्यात ठळक दिसलेलं जनुक तालावर ठेका धरता येण्याशीही जोडलेलं निघालं. हे वाचून मी वही बाजूला ठेवून नुसती बसून राहिले, ताल आणि तोतरेपणा एकाच ठिकाणी.

मग मी आत्याला फोन केला. आमचे आजोबा फार अबोल होते, घरात सगळे अभिमानाने सांगायचे की कामापुरतंच बोलायचे, वाण्याकडे सामानसुद्धा चिठ्ठी लिहून न्यायचे. मी विचारलं आत्या, आजोबा अडखळायचे का गं? ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "अगं 'क' यायचा नाही त्यांना, म्हणून तर चिठ्ठी." इतकी वर्षं आम्ही मांजर आणि हात शोधत बसलो होतो.

संध्याकाळी हे आईला सांगितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिने सगळं ऐकलं, जनुकं वगैरे तिला फारसं कळलं नसावं, तिने फक्त विचारलं, "म्हणजे हात नाही ना?" मी म्हणलं हाताचा काही सं— आणि अडले. आई कायम माझा अडलेला शब्द पटकन पुरा करून टाकायची, मायेनेच करायची. त्या दिवशी नाही केला, तोंडाकडे बघत थांबली, आणि तो शब्द येईपर्यंत मला जेवढा वेळ लागला तेवढा तिने लागू दिला.

तर ओढणीमागच्या मुलाच्या आईला सांगते, तुमचं काही चुकलेलं नाही, मोबाइल दिला म्हणून नाही, रागावलात म्हणून नाही, घरात दोन भाषा आहेत म्हणूनही नाही. एकदा स्पीच थेरपिस्टला जरूर दाखवा, थांबेल म्हणून वर्षभर वाट बघत बसू नका. "आराम से बोल", "पहले सोच के बोल" हे घरात बंद करा, तो काय सांगतोय ते ऐका. आणि मंगळवारी पाचला त्याला घेऊन या, हजेरीत नाव त्याचं तोच सांगेल, बाकीच्या मुलांना थांबायची सवय आहे.