जाळीन की जाळावंसं वाटतंय?

पुण्यात शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास भाषांतराची कामं करणाऱ्यांकडे येतात ती बहुतेक खरेदीखतं, मृत्युपत्रं, भाडेकरार. फौजदारी कागद क्वचित. त्या दिवशी एक वकीलसाहेब ई-मेलची प्रिंट घेऊन आले. दोन भागीदारांचं फाटलेलं, एकानं दुसऱ्याला रात्री रागारागात लिहिलेला दीड पान मजकूर. शेवटची ओळ पिवळ्या मार्करनं रंगवलेली : ‘आय हॅव हाफ अ माइंड टू सेट युअर गोडाऊन ऑन फायर.’ खाली पेन्सिलीनं मराठीही तयार होतं : ‘तुझं गोडाऊन मी जाळून टाकीन.’

“एवढंच टाइप करून शिक्का मारा मॅडम. भावार्थ तोच.”

तोच कसा? इंग्रज माणूस हे म्हणतो तेव्हा हात शिवशिवत असतात, पण ठरलेलं काही नसतं. ‘हाफ’च्या जागी ‘गुड’ आलं की जोर चढतो, इतकंच. आपल्याकडे त्यासाठी आयतं रूप आहे : पेटवून द्यावंसं वाटतंय. घरात दिवसातून चार वेळा कुणाला ना कुणाला काहीतरी फेकून मारावंसं वाटतच असतं!

मेल २०२२ चा, म्हणजे जुनी दंडसंहिता. कलम ५०६ मध्ये साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा. आग लावून मालमत्ता नष्ट करण्याची धमकी असेल, तर सात वर्षांपर्यंत. (आता हे न्याय संहितेच्या ३५१ मध्ये आहे.) त्या ‘टाकीन’ची किंमत एवढी.

“सुटी ओळ करत नाही, अख्खा मेल करते,” मी म्हटलं. वकीलसाहेब कुरकुरत चहाला गेले.

परत आल्यावर त्यांनी आधी शेवट पाहिला. “‘वाटतंय’? मग यात धमकी उरली कुठे?”

“ते न्यायाधीशसाहेब ठरवतील. वरचंही वाचा ना.”

पहिल्याच पानावर, मार्कर न लागलेल्या परिच्छेदात, त्याच गृहस्थांनी लिहिलं होतं : ‘तुझा वॉचमन जेवायला किती वाजता जातो, हे मला माहीत आहे.’

वकीलसाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली, माझ्याच टेबलावरचा मार्कर उचलून रंगवली आणि मग दीड पानाच्या दरावरून माझ्याशी घासाघीस सुरू केली.