ती युद्धनौका तेथे नव्हतीच

अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी तालिकीकरणाचे काम करते. म्हणजे आलेला ग्रंथ कोणत्या विषयाखाली नोंदवायचा आणि शोधणाऱ्याला तो कसा सापडेल, हे ठरवते. देणगीची खोकी बहुतेक वेळा मागच्या दाराशी ठेवली जातात आणि देणाऱ्याचे तोंडही आम्हाला दिसत नाही. त्या दिवशी मात्र नव्वदीकडे झुकलेल्या एक बाई खोक्याबरोबर स्वतः आल्या आणि नोंद कशी होते ते पाहिल्याशिवाय जाणार नाही, असे सांगून माझ्या टेबलासमोर बसल्या. खोक्यात ‘ट्रू कॉमिक्स’चे आणि त्याच धर्तीच्या इतर मासिकांचे युद्धकाळातील अंक होते. बाईंची अट एकच होती : “हे कॉमिक्समध्ये टाकू नका, इतिहासात ठेवा. या खऱ्या गोष्टी आहेत.”

त्यांच्या आग्रहामागची पार्श्वभूमी मला ठाऊक होती. मे १९४० मध्ये ‘शिकागो डेली न्यूज’मध्ये स्टर्लिंग नॉर्थ यांनी मुलांच्या हातातील कॉमिक्सवर सडकून टीका करणारा लेख लिहिला आणि पालकवर्ग धास्तावला. ‘पॅरेंट्स मॅगझिन’चे प्रकाशक जॉर्ज हेक्ट यांनी बंदीची मागणी करत बसण्याऐवजी त्याच माध्यमात उतरायचे ठरवले. ‘ट्रू कॉमिक्स’चा पहिला अंक एप्रिल १९४१ मध्ये निघाला, मुखपृष्ठावर चर्चिल होते, आणि किंमत सुपरमॅनच्या अंकाइतकीच, दहा सेंट. मासिक १९५० पर्यंत चालले. शास्त्रज्ञ, प्रवासी, राष्ट्राध्यक्ष यांच्या चरित्रांबरोबर त्यात ताज्या युद्धकथाही येत. “आईने सुपरमॅनला घराचा उंबरठा ओलांडू दिला नाही,” बाई म्हणाल्या, “पण हे अंक ती स्वतः आणून द्यायची.”

असे अंक आता फारसे उरलेले नाहीत, कारण युद्धकाळात शाळकरी मुले घरोघर फिरून रद्दी गोळा करत आणि त्या ढिगात त्यांची स्वतःची कॉमिक्सही जात. जी वाचली, त्यांना कागदच खातो. मुखपृष्ठ गुळगुळीत असले तरी आतली पाने वर्तमानपत्री कागदाची, म्हणजे लाकडाच्या लगद्याची असतात. त्यात कालांतराने आम्ल तयार होते, पान तपकिरी पडते आणि उलटताना कडा कांद्याच्या पापुद्र्यासारख्या सुटून येतात. पिना गंजून घडीत तांबूस डाग उतरलेले होते. मी एकेक अंक पांढऱ्या कागदावर उघडा ठेवून विषय टिपत होते आणि बाई समोरून उलट्या बाजूने वाचत होत्या.

अशाच एका अंकात कॉलिन केली यांची कथा निघाली आणि माझा हात थांबला. केली हे बी-१७ बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला आठवडाही झालेला नव्हता. १० डिसेंबर १९४१ रोजी फिलिपीन्समधील क्लार्क फील्डवरून ते निघाले, लुझॉनच्या उत्तर किनाऱ्याजवळ जपानी जहाजांवर त्यांनी बॉम्ब टाकले आणि परतताना जपानी लढाऊ विमानांनी त्यांना गाठले. ‘हारुना’ ही युद्धनौका त्यांनी बुडवली, अशी बातमी अमेरिकेत वाऱ्यासारखी पसरली. पराभवाच्या बातम्यांनी खचलेल्या देशाला ती हवीच होती. या अंकातही अख्खे पान जळत्या युद्धनौकेला दिलेले होते : लाल-पिवळ्या ठिपक्यांच्या ज्वाळा, काळा धूर, तिरपे होत चाललेले जहाज. प्रत्यक्षात हारुना त्या समुद्रात नव्हतीच. ती पुढे जुलै १९४५ मध्ये कुरे बंदरात अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात बुडाली.

हे बाईंना सांगावे की नाही, असा विचार माझ्या मनात क्षणभर येऊन गेला. पण विषय त्यांनीच ओढवून आणला होता, म्हणून सांगितले. त्या मुळीच दचकल्या नाहीत. “युद्ध संपल्यावर कळलेच की आम्हाला,” त्या म्हणाल्या. “पण इतरांना उड्या मारता याव्यात म्हणून तो विमान धरून बसला होता, ते तर खोटे नाही?” ते खोटे नव्हते. पेटलेल्या विमानातून सहकाऱ्यांना बाहेर पडण्याचा हुकूम देऊन केली सुकाणूवर राहिले आणि विमानाबरोबर गेले. अंकात या प्रसंगाला खालच्या कोपऱ्यात एक चौकट मिळाली होती, तीही अर्धी संवादाच्या फुग्याने झाकलेली.

मला वाटते, चित्रकाराने किंवा संपादकाने येथे लबाडी केलेली नाही. बातमी जशी आली तशी त्यांनी चितारली. पण वर्तमानपत्राची चूक दुसऱ्या दिवसाच्या अंकाखाली गाडली जाते, आणि हा अंक मात्र ‘खरे’ हा शब्द मुखपृष्ठावर मिरवत मुलाच्या कपाटात राहिला. याच पानांतील जपानी सैनिकांचे पिवळे, दात विचकणारे चेहरे तर कोणत्याही बातमीतून आलेले नव्हते. ती जबाबदारी रेखाटणाऱ्यांचीच.

नोंदीचा प्रश्न तसा सोपा होता, कारण आमच्या पद्धतीत साहित्याचा प्रकार आणि विषय यांची कलमे वेगळी असतात. प्रकाराच्या जागी मी ‘कॉमिक्स’ लिहिले, विषयाच्या जागी ‘दुसरे महायुद्ध – फिलिपीन्स’. बाईंना अर्धा विजय मिळाला आणि तो त्यांनी फारसे आढेवेढे न घेता मान्य केला. वाद झाला तो नोंदीखाली जोडायच्या टिपेवर. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे म्हणणे असे की, ग्रंथातील चुका दुरुस्त करणे हे तालिकेचे काम नव्हे. एरवी मीही हेच म्हणते. परंतु केलींचे नाव शोधत येणारा विद्यार्थी हे पान पुरावा म्हणून उचलणार, हे मला दिसत होते. म्हणून कथा तत्कालीन बातम्यांवर आधारित असून हारुना त्या दिवशी बुडालेली नाही, अशी टीप मी लिहिली आणि बाईंना वाचून दाखवली.

“केलींनी सहकाऱ्यांना वाचवले, तेही लिहा,” त्या म्हणाल्या. “नुसते बुडाली नाही एवढेच लिहिलेत, तर वाचणाऱ्याला वाटेल सगळेच बनावट.” त्यांचे म्हणणे रास्त होते, म्हणून तेही वाक्य जोडले. पुढे तपासणीत पर्यवेक्षकांनी टीप निम्म्याने कमी केली. दोन्ही वाक्ये राहिली, माझी विशेषणे तेवढी गेली.